कंस कुठे सुरू झाला? गणित वेबपानावर आणण्याचा तीस वर्षांचा खटाटोप

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या ओळखीतला एक मुलगा पुण्यात गणितात एमएस्सी करत होता. त्याला जन्मापासून दिसत नाही. पुस्तकं आणि शोधनिबंध तो स्क्रीन रीडरवर ऐकायचा, म्हणजे संगणक पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतो ते सॉफ्टवेअर. इंग्रजी वाक्यं ठीक यायची, पण समीकरण आलं की सगळा चिवडा व्हायचा. म्हणून तो मला म्हणाला, "ताई, एवढी दहा पानं फोनवर रेकॉर्ड करून पाठवशील का?" मी पाठवली. तोपर्यंत माझा समज असा की वाचून दाखवण्यात काय अवघड आहे!

एका ठिकाणी मी वाचलं, "एक भागिले क्ष अधिक एक". पानावर अंशात एक होता आणि छेदात "क्ष अधिक एक". त्याने मात्र ते "एक भागिले क्ष, आणि त्यात अधिक एक" असं घेतलं. क्षची किंमत १ धरून बघा: पहिल्याचं उत्तर अर्धा, दुसऱ्याचं दोन! त्या चुकीच्या सूत्रावर त्याने दोन संध्याकाळी घालवल्या. मग फोन आला. चिडलेला नव्हता, पण थकलेला होता. म्हणाला, "ताई, कंस कुठे सुरू झाला ते तू सांगितलंच नाहीस."

मी काय सांगणार? पानावर कंस नव्हताच. फक्त एक आडवी रेघ होती, आणि डोळ्यांनी बघणाऱ्याला ती रेघ कंसाचं काम करून देते.

माझ्या पीएचडीचा विषय साधारण असा आहे: गणिती मजकूर छापील पानावरून पडद्यावर कसा आला आणि त्या वाटेत काय काय सांडलं. लोक विचारतात, "यात संशोधन काय? पीडीएफ अपलोड करायची, झालं." आजचा लेख हा त्या "झालं"चा इतिहास आहे.

खिळ्यांपासून पेट्यांपर्यंत

गणित छापणं हे छापखान्यातलं सगळ्यात खर्चिक काम होतं. साधा मजकूर एका ओळीत बसतो. समीकरण वर जातं, खाली जातं, मधे रेघ मारतं, मोठ्या कंसात लहान कंस घालतं. शिशाच्या खिळ्यांच्या काळात मोनोटाइप यंत्रावर बरंच काम व्हायचं, तरी शेवटी कुशल जुळारी हाताने चिन्हं बसवायचा. १९६०-७० च्या दशकांत छपाई फोटोटाइपसेटिंगकडे, म्हणजे फिल्मवर अक्षरं उमटवण्याकडे वळली. काम स्वस्त झालं, पण गणिताची रया गेली.

याचा फटका बसलेला सगळ्यात प्रसिद्ध माणूस म्हणजे स्टॅनफर्डचे डोनाल्ड कनूथ. संगणकशास्त्रावरच्या त्यांच्या ग्रंथमालेचे पहिले तीन खंड १९६८, १९६९ आणि १९७३ साली जुन्या पद्धतीने देखणे छापले गेले होते. १९७७ मध्ये दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रितं हाती आली आणि ती बघून त्यांना राहवलं नाही. आपण संगणकवाले आहोत, पान म्हणजे शेवटी ठिपकेच, मग ठिपके कुठे पडावेत हे प्रोग्रॅमने का ठरवू नये? त्याच वर्षी त्यांनी "टेक" नावाची प्रणाली लिहायला घेतली. एका रजेच्या वर्षात संपेल असं वाटलेलं हे काम सुमारे दहा वर्षं चाललं. (नाव ग्रीक अक्षरांवरून घेतलंय, "तंत्र" आणि "कला" हे दोन्ही अर्थ असलेल्या ग्रीक शब्दाची ती सुरुवात आहे.)

टेकची कल्पना अशी. तुम्ही साध्या कीबोर्डवर साधा मजकूर लिहायचा. अपूर्णांक हवा असेल तर एक आज्ञा लिहायची, मग महिरपी कंसात अंश, मग महिरपी कंसात छेद. टेक प्रत्येक चिन्हाला एक पेटी समजतो. पेटीला रुंदी असते, उंची असते, आणि ओळीखाली ती किती उतरते तेही मोजलेलं असतं. पेट्या जोडून मोठी पेटी, मोठ्या पेट्यांची ओळ, ओळींचं पान. शेवटी हातात येते ती एक यादी: हे अक्षर पानावर इथे, ते तिथे, ही रेघ इतकी लांब.

इथे क्षणभर थांबा, कारण पुढची सगळी भानगड इथेच आहे. लेखकाने लिहिलेल्या मूळ फाइलमध्ये छेद कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे स्पष्ट लिहिलेलं असतं, महिरपी कंसासकट. म्हणजे आमच्या मुलाला हवं होतं ते उत्तर मूळ फाइलमध्ये होतं! पण टेकने पान तयार केलं की ते उत्तर पुसलं जातं. उरतात फक्त जागा. पीडीएफमध्येही साधारण तेच होतं. तिथे अपूर्णांकाची रेघ हे अक्षर नसतं, ती एक काढलेली रेघ असते. स्क्रीन रीडर ती गाळतो आणि म्हणतो, "एक क्ष अधिक एक". दोनाचा दहावा घात वाचतो "दोनशे दहा". खरं उत्तर १०२४.

याला कनूथ यांचा दोष म्हणता येणार नाही. त्यांना छापील पान सुंदर करायचं होतं आणि ते त्यांनी केलं. १९८० च्या दशकात लेस्ली लँपोर्ट यांनी टेकवर "लाटेक" बांधलं. त्यात लेखकाने "इथे ठळक अक्षर, इथे मोकळी जागा" असं न लिहिता "हे प्रकरण, हा प्रमेय, ही तळटीप" असं लिहायचं. दिसायचं कसं ते प्रणाली बघून घेईल. गणित आणि भौतिकशास्त्रातल्या लोकांनी लाटेक इतकं उचलून धरलं की आज त्या विषयांतला बहुतेक मजकूर त्याच लिपीत जन्माला येतो.

ऑगस्ट १९९१

प्रबंधासाठी कालरेषा काढत होते तेव्हा दोन तारखा शेजारी शेजारी आल्या आणि मला गंमत वाटली. ६ ऑगस्ट १९९१ ला टिम बर्नर्स-ली यांनी आपल्या वर्ल्ड वाइड वेब प्रकल्पाची माहिती इंटरनेटवरच्या एका चर्चागटात जाहीर केली. त्यानंतर आठच दिवसांनी, १४ ऑगस्टला, अमेरिकेत लॉस अॅलॅमॉसमध्ये पॉल गिन्स्पार्ग यांनी भौतिकशास्त्राच्या अप्रकाशित निबंधांसाठी एक ईमेल सेवा सुरू केली. तीच पुढे "आर्काइव्ह" झाली.

गिन्स्पार्ग यांची सेवा चालली याचं एक कारण टेक हेच होतं. टेकची फाइल म्हणजे साधा मजकूर. तो ईमेलने जातो, जागा कमी खातो, आणि पलीकडचा माणूस आपल्या संगणकावर त्याचं पान करून घेतो. म्हणून आर्काइव्हने लेखकांकडून मूळ टेक फाइलच मागितली आणि सांभाळून ठेवली. त्या वेळी ही निव्वळ सोय होती. पण शेतकरी जसं पुढच्या हंगामाचं बियाणं बाजूला काढून ठेवतो तसं हे झालं. तीस वर्षांनी तेच कामाला आलं, पण ते नंतर.

आता वेबचं बघा. वेबचा जन्म झाला सर्नमध्ये, जिनिव्हाजवळच्या अणुभौतिकी प्रयोगशाळेत. आजूबाजूला सगळे समीकरणं लिहिणारे लोक. आणि वेबची भाषा, एचटीएमएल, तिच्यात काय होतं? मथळा, परिच्छेद, यादी, दुवा. अपूर्णांक नाही, वर्गमूळ नाही. भौतिकशास्त्रज्ञांच्या घरात जन्मलेल्या बाळाला समीकरण बोलता येत नव्हतं!

याचं कारण समजण्यासारखं आहे. बर्नर्स-ली यांना निरनिराळ्या संगणकांवरची माहिती एकमेकींना जोडायची होती, आणि साधेपणा हीच त्यांच्या भाषेची ताकद होती. गणिताचा विचार झालाच नाही असंही नाही. डेव्ह रॅगेट यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या एचटीएमएल ३.० च्या मसुद्यात गणितासाठी खास खूण होती आणि "अरीना" नावाच्या प्रायोगिक ब्राउझरमध्ये ती चालतही होती. पण तो मसुदा फारच मोठा होता. मोठ्या ब्राउझर कंपन्या एकमेकींशी स्पर्धा करण्यात गुंतल्या होत्या, आणि मसुद्याची मुदत तशीच संपून गेली. जानेवारी १९९७ मध्ये अधिकृत झालेल्या एचटीएमएल ३.२ मध्ये गणित नव्हतं.

चित्रांचा जमाना

लोक थांबून राहिले नाहीत. १९९३ मध्ये मोझॅक ब्राउझर आला आणि पानात मजकुराबरोबर चित्र दाखवता येऊ लागलं. लगेच कुणाच्या तरी डोक्यात येणारच होतं: समीकरणाचं चित्र काढा आणि चिकटवा. इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठातल्या निकोस ड्राकोस यांनी "लाटेक-टू-एचटीएमएल" हा प्रोग्रॅम लिहिला. तो लाटेकची फाइल वाचायचा, मजकुराचं एचटीएमएल करायचा, आणि न जमणारं प्रत्येक समीकरण खऱ्या लाटेककडून छापून घेऊन त्याचं कात्रण पानात बसवायचा.

१९९०-२००० च्या काळात विद्यापीठांच्या संकेतस्थळांवर ज्यांनी नोट्स वाचल्यात त्यांना ही पानं आठवत असतील. ओळीच्या जरा वर किंवा जरा खाली तरंगणारी चिन्हं, मोठं करायला गेलं की फाटणारी अक्षरं, छापली तर धूसर. मंद कनेक्शनवर एकेक चौकोन टपटप भरत जायचा. विकिपीडियावर २००३ पासून गणित लिहिता येऊ लागलं तेही बराच काळ असंच, चित्रांच्या रूपात.

दिसणाऱ्यांची ही अडचण म्हटलं तर किरकोळ. न दिसणाऱ्याला मात्र चित्र म्हणजे भिंत. सभ्य प्रोग्रॅम चित्रामागे मूळ लाटेक मजकूर लपवून ठेवायचे, तेवढाच आधार.

पुण्याहून कॉर्नेलला

जग समीकरणांची चित्रं काढत होतं त्याच सुमाराला एक माणूस अगदी उलट्या बाजूने विचार करत होता. हे सापडलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला, कारण तो माणूस पुण्यात वाढलेला निघाला.

टी. व्ही. रामन यांची दृष्टी काचबिंदूमुळे चौदाव्या वर्षी पूर्ण गेली. त्यांनी पुण्याच्या नौरोसजी वाडिया कॉलेजमधून गणितात पदवी घेतली, आयआयटी मुंबईतून संगणकशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली आणि मग ते अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात पीएचडीला गेले. १९९४ चा त्यांचा प्रबंध "अॅस्टर" नावाच्या प्रणालीवर होता. तांत्रिक मजकूर ऐकण्यासाठीची ही प्रणाली, आणि हेच त्यांच्या मार्गदर्शक कुत्रीचंही नाव! प्रबंधाला संगणकशास्त्रातल्या त्या वर्षीच्या उत्कृष्ट प्रबंधाचा एसीएम पुरस्कार मिळाला.

अॅस्टरने छापलेलं पान वाचण्याचा प्रयत्नच केला नाही. त्याने लाटेकची मूळ फाइल घेतली आणि तिच्यातून समीकरणाचं झाड बांधलं. वर अपूर्णांक, त्याच्या दोन फांद्या अंश आणि छेद, छेदाच्या आणखी फांद्या. मग हे झाड आवाजात उतरवलं. घातांक आला की आवाजाची पट्टी चढते, खालचं चिन्ह आलं की उतरते. सूत्र फार लांबलचक असेल तर आधी सांगाडा ऐकवायचा आणि आतले मोठे तुकडे तात्पुरत्या नावाने बाजूला ठेवायचे. ऐकणारा हवं तेव्हा त्या फांदीवर जाऊन तेवढंच ऐकू शकतो. डोळा पानावर हेच करतो की! आधी एकूण आकार बघतो, मग आत शिरतो. मी फोनवर दहा पानं सरळ एका दमात वाचली होती, त्यात ही सोय कुठे होती?

माझ्या दृष्टीने या सगळ्या इतिहासातला हा सगळ्यात महत्त्वाचा धडा आहे. वेबपान, आवाज, ब्रेल, मोबाइलचा लहान पडदा, या सगळ्या गोष्टी त्या एका झाडाची वेगवेगळी रूपं आहेत. झाड हातात असेल तर काहीही करता येतं. नुसतं त्याचं चित्र असेल तर फक्त बघता येतं.

टेकला फक्त टेकच ओळखतो

मग लाटेकच्या फाइलमधून झाड काढा आणि वेबपान करा, एवढंच ना? इथे दुसरी अडचण येते. टेक ही नुसती खुणांची भाषा नाही, पूर्ण प्रोग्रॅमिंगची भाषा आहे. लेखक स्वतःच्या आज्ञा बनवतो, त्या आज्ञा आणखी आज्ञा बनवतात. इतकंच काय, एखाद्या अक्षराचा अर्थ फाइलच्या मध्यावर बदलता येतो. महिरपी कंस म्हणजे कंस नाही, असंही सांगता येतं. म्हणजे फाइल न चालवता नुसती वाचून तिचा अर्थ लागेलच याची खात्री नाही.

यावर लोकांनी तीन वाटा काढल्या.

पहिली वाट वरवर वाचण्याची. नेहमीच्या आज्ञा ओळखायच्या, बाकीच्यांसाठी तडजोड करायची. लाटेक-टू-एचटीएमएल याच वाटेचं, आणि २००६ मध्ये जॉन मॅकफार्लेन या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांनी लिहिलेलं "पॅनडॉक"ही. साधी फाइल असेल तर काम झटपट होतं. लेखक हौशी असेल तर मात्र अडतं.

दुसरी वाट टेकलाच कामाला लावण्याची. ओहायो स्टेट विद्यापीठातले इतान गुरारी यांचं "टेक-फोर-एचटी" हे करतं. फाइल खऱ्या टेकमधूनच चालते, पण आज्ञांच्या आत गुपचूप खुणा पेरलेल्या असतात. पान तयार झाल्यावर दुसरा प्रोग्रॅम त्या खुणा वेचून एचटीएमएल करतो. वरातीत आपला माणूस घुसवून आतली बातमी काढावी तसं. २००९ मध्ये गुरारी गेले. त्यांचं काम इतर लोक आजही चालवतात.

तिसरी वाट सगळ्यात कष्टाची: टेकचं वाचण्याचं डोकं नव्याने दुसऱ्या भाषेत लिहायचं, पण पान बनवायच्या ऐवजी झाड बनवायचं. हे केलं ब्रूस मिलर यांनी, अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत. त्यामागे निमित्तही मोठं होतं. त्या संस्थेने १९६४ मध्ये गणिती फलांची एक जाडजूड हस्तपुस्तिका काढली होती. संपादक अब्रामोविट्झ आणि स्टेगन. त्यातले अब्रामोविट्झ १९५८ मध्येच वारले आणि आयरीन स्टेगन यांनी काम तडीस नेलं. या हस्तपुस्तिकेची नवी पिढी वेबवर आणायची ठरली. त्यासाठी मिलर यांनी "लाटेक-एक्सएमएल" लिहिलं, आणि मे २०१० मध्ये ते डिजिटल ग्रंथालय सर्वांसाठी खुलं झालं.

या प्रकल्पात एक शहाणपणाची गोष्ट केली गेली. गणितात एकच चिन्ह दोन अर्थांनी येतं. साइनच्या डोक्यावर २ असेल तर तो वर्ग, पण उणे १ असेल तर तो बहुतेक वेळा व्यस्त फल असतो, एक भागिले साइन नव्हे. आपण संदर्भाने ओळखतो, यंत्र कसं ओळखणार? म्हणून तिथे लेखकांनी "तिरपं मोठं अक्षर आणि खाली छोटं अक्षर" असं न लिहिता "बेसेल फल" असं नाव असलेली आज्ञा वापरली. कसं दिसतं ते न सांगता काय आहे ते सांगितलं.

ब्राउझरची कृपा

झाड तयार झालं, आता ते ब्राउझरला कोणत्या भाषेत द्यायचं? त्यासाठी एप्रिल १९९८ मध्ये वेबची मानकं ठरवणाऱ्या संघटनेने "मॅथएमएल" जाहीर केलं. त्यात दोन भाग होते: चिन्हं कशी मांडायची ते सांगणारा एक आणि अर्थ सांगणारा दुसरा. माझ्या चुकलेल्या अपूर्णांकाचं मॅथएमएल लिहायचं तर अपूर्णांकाची खूण, तिच्यात अंशाचा आकडा, मग गटाची खूण, तिच्यात चल, क्रिया आणि आकडा, प्रत्येकाला उघडणारी आणि बंद करणारी खूण. हाताने कुणी लिहिणार नाही, पण छेद कुठे सुरू होतो याबद्दल शंकेला जागा नाही.

मानक आलं, पण ब्राउझर? मोझिलामध्ये रॉजर सिडजे आणि इतर स्वयंसेवकांच्या मेहनतीमुळे मॅथएमएल लवकर आलं. इंटरनेट एक्सप्लोररला वेगळा जोड बसवावा लागायचा. क्रोममध्ये ते जानेवारी २०१३ च्या २४ व्या आवृत्तीत दिसलं, आणि लगेच पुढच्या आवृत्तीत सुरक्षिततेचं कारण देऊन काढून टाकलं गेलं. ब्राउझरवाले म्हणणार वापर नाही म्हणून आधार नाही. लेखक म्हणणार आधार नाही म्हणून वापर नाही. आधी कोंबडी की आधी अंडं?

मधल्या काळात गाडा ओढला तो जावास्क्रिप्टने. डेव्हिड सर्व्होनी यांनी आधी "जेएसमॅथ" लिहिलं. त्यावरून अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटी आणि इतर संस्थांच्या पाठिंब्याने २०१० मध्ये "मॅथजॅक्स"ची पहिली आवृत्ती आली. पानात लाटेक तसंच ठेवायचं, आणि वाचकाच्या ब्राउझरमध्येच त्याचं समीकरण करायचं. चित्र नाही, जोड नाही. २०१४ मध्ये खान अकॅडमीने "काटेक" हे जास्त वेगवान साधन आणलं. आज तुम्ही वेबवर नीट दिसणारं समीकरण बघता ते पुष्कळदा या दोघांपैकी एकाचं काम असतं.

आणि क्रोम? इगालिया या स्पेनमधल्या छोट्या संस्थेने मॅथएमएलचा आटोपशीर गाभा ठरवण्यात पुढाकार घेतला आणि तो नव्याने लिहून काढला. जानेवारी २०२३ मध्ये १०९ व्या आवृत्तीबरोबर तो क्रोममध्ये आला. मानक जाहीर झाल्यापासून पंचवीस वर्षांनी!

बियाणं उगवलं

आता आर्काइव्हकडे परत. तिथे येणाऱ्या निबंधांपैकी सुमारे ९० टक्के टेकमध्ये लिहिलेले असतात आणि मूळ फाइली जपलेल्या आहेत. डेयान गिनेव्ह यांनी वर्षानुवर्षं या फाइलींवर लाटेक-एक्सएमएल चालवून बघितलं, चुका शोधल्या, दुरुस्त केल्या. डिसेंबर २०२३ पासून आर्काइव्हने टेकमध्ये आलेल्या नव्या निबंधांसोबत पीडीएफच्या शेजारी एचटीएमएल द्यायला सुरुवात केली. अजून ते प्रायोगिक म्हणवतात आणि काही निबंध अर्धवट रूपांतरित होतात. पण पीडीएफच ठेवली असती आणि मूळ फाइल टाकून दिली असती, तर हे या प्रमाणावर झालंच नसतं.

मग मी विचार केला, दुसऱ्यांचा इतिहास लिहितेयस, स्वतःचं काय? माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण मी लाटेक-एक्सएमएलमधून घातलं. इशाऱ्यांची ही लांब यादी! दोन सूत्रं शेजारी नीट दिसावीत म्हणून मी कुठे कुठे उणे जागा सोडली होती, एका ठिकाणी चिन्ह मिळेना म्हणून दोन चिन्हं एकावर एक चढवली होती, आणि एका कोष्टकाचं तर चक्क चित्र डकवलं होतं. छापील पानावर सगळं चकाचक. झाडात मात्र तिथे भोकं. दोष रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमचा नव्हता. मीच "काय आहे" ते न लिहिता "कसं दिसावं" ते लिहून बसले होते. दुरुस्त करायला दोन दिवस लागले, म्हणजे त्या मुलाच्या दोन संध्याकाळींची जवळजवळ परतफेड.

तुमच्यापैकी जे लाटेकमध्ये लिहितात त्यांना एवढंच सांगेन: मूळ फाइल जपा आणि शक्य तिथे वाटून टाका, वारंवार येणाऱ्या चिन्हाला अर्थाचं नाव असलेली आज्ञा द्या, समीकरणाचं चित्र डकवू नका. खर्च शून्य आहे.

एक गोष्ट मात्र अजून डोक्यात घोळते. झाड कोणत्याच भाषेचं नसतं. तेच झाड इंग्रजीत एका क्रमाने वाचता येईल आणि मराठीत आपल्या पद्धतीने, "तीन छेद चार" म्हणून. चांगली मराठी वाचन-प्रणाली बनवायची तर तिला कधी "अडीच" म्हणायचं आणि कधी "पाच छेद दोन" हेही शिकवावं लागेल. बाजारात अडीच किलो ठीक, पण समीकरणाच्या मधोमध "अडीच क्ष" आलं तर विद्यार्थी गोंधळेल की त्याला बरं वाटेल? याचं उत्तर डोळस माणसाने घरी बसून देऊ नये. ऐकणाऱ्यांना विचारावं.

मी विचारलं. तो आता एमएस्सी होऊन शिकवतो. आर्काइव्हवर एचटीएमएल असेल तर आधी तेच उघडतो, नसेल तर मला फोन करतो. परवाच एक रेकॉर्डिंग पाठवलं. त्यात मी वाचलंय, "अपूर्णांक सुरू, अंश एक, छेद क्ष अधिक एक, अपूर्णांक संपला." ऐकायला जरा कंटाळवाणं आहे. पण त्याचा परत फोन आला नाही.